कुलूपबाईंची चित्रं

एका सकाळी मी दुसऱ्याच कुणाची तरी गोळी गिळली.

रोजच्या सवयीनं, डोकं मागे टाकून, पाण्याच्या एका घोटात. गोळी घशाखाली उतरल्यावर मनात आलं, आज रक्तदाबाची गोळी निळी कशी? काल पांढरी होती आणि निम्म्यानं लहान होती. पण हल्ली कंपन्या गोळ्यांचे रंग बदलत असतात, आपण विचारायला गेलो तर आपल्यालाच अडाणी ठरवतात, म्हणून मी गप्प चहाकडे वळलो.

माझ्या बायकोला वाचनाची आवड नाही. अपवाद फक्त औषधाच्या डबीतून निघणाऱ्या घडीच्या कागदाचा. तो ती सगळा वाचते, दुष्परिणामांपाशी तर दोनदा. त्या दिवशीही तिनं डबीतला कागद टेबलभर पसरला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि थोड्या वेळानं म्हणाली,

"अहो, हे एचआयव्हीचं आहे."

माझा कप ओठांपर्यंत आला होता. तो मी तसाच टेबलावर परत ठेवला.

"मला नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे काय नाही?"

"काहीच नाही."

"मग घेतलंत कशाला?"

इतक्या वर्षांच्या संसारात बऱ्याच प्रश्नांची उत्तरं मी तयार ठेवलेली आहेत, हा प्रश्न मात्र तयारीत नव्हता. ती काही ओरडली नाही. तिनं फक्त आपला कप माझ्या कपापासून जरासा लांब सरकवला. ते सरकवणं मला जास्त लागलं.

"दर गुरुवारी तुम्ही कुठे जाता?"

"वाचनालयात."

"वाचनालय गुरुवारी बंद असतं."

"म्हणून तर लवकर परत येतो."

यावर ती चष्म्याच्या वरून नुसती बघत राहिली. मी डबी पिशवीत घातली, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून थेट कुलूपबाईंचं दुकान गाठलं.

कुलूपबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं औषधांचं दुकान आहे आणि त्यांच्या तोंडाला कुलूप आहे, एवढ्यावरून ते पडलं. शेजारणी बाळंत होतात, सासरे आजारी पडतात, कुणाला केस गळतात म्हणून रडू येतं, हे सगळं बाईंना सगळ्यांच्या आधी कळतं आणि त्यांच्याकडून कुणालाही कळत नाही. आमच्या इमारतीत अशा माणसाला माणूसघाणी म्हणतात. बुटकी, जाडसर मूर्ती, पांढरा कोट, कोटाच्या खिशात कात्री, आणि चेहरा असा की समोरचा काहीतरी लपवतोय हे गृहीतच. त्या सगळ्यांवर संशय घेतात, पण तो माणसाच्या चारित्र्यावर नाही, गोळी घेण्यावर. "पूर्ण घेतल्यात की बरं वाटल्यावर सोडून दिल्यात?" हा त्यांचा नमस्कार. एकदा मी खोकल्याचं औषध मागितलं तर म्हणाल्या, "आधी खोकून दाखवा." मी खोकलो. "हा सिगारेटचा आहे," त्या म्हणाल्या आणि बाटली परत फळीवर ठेवली. सिगारेट मी घरी सोडलेली होती, बाहेर नव्हे. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यांनीही पुढे कुणाला सांगितलं नाही, म्हणून मी त्यांचा कायमचा गिऱ्हाईक झालो.

त्यांची एक पद्धत आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकांची औषधं त्या सारख्याच तपकिरी कागदी पिशव्यांत घालतात, वर पिन मारतात आणि काउंटरच्या आतल्या फळीवर मांडून ठेवतात. पिशवीवर नाव नाही. "नाव लिहिलं की रांगेतला मागचा वाचतो," असं त्यांचं म्हणणं. नावाऐवजी चित्र. पहिल्या दिवशी आपणच आपलं चित्र सांगायचं. कुणी मासा सांगतं, कुणी छत्री. दुकानात एकच लाकडी खुर्ची होती आणि तिच्यावर बहुतेक वेळ मी बसलेला असायचो, म्हणून मी खुर्ची सांगितली.

आता मुद्दा असा की मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. आणि बाईंचा हात म्हणजे, वर्गात असत्या तर मी त्यांना बागकामाला पाठवलं असतं. त्यांचा मासा चपलेसारखा दिसतो. त्यांच्या छत्रीत कवटी दिसून एकाला वाटलं की हे विषारी आहे. आदल्या संध्याकाळी बाई आत होत्या, मला घाई होती, मी काउंटरवरून आत हात घातला आणि चार पाय, वर फळी, फळीवर उभी रेघ असलेली पिशवी उचलली. ती रेघ खुर्चीची पाठ नव्हती. ते टेबल होतं आणि रेघ म्हणजे फुलदाणी होती. चित्रकलेच्या मास्तरला खुर्ची आणि टेबल ओळखता येऊ नये, यावर मी अजूनही बाईंनाच दोष देतो.

दुकानात शिरून मी पिशवी काउंटरवर ठेवली. बाईंनी चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती गिळल्यात?"

"एक."

"मूत्रपिंडाचा काही त्रास?"

"नाही."

"मग काही होत नाही. आणि एका गोळीनं संरक्षणही मिळत नाही, तेव्हा उड्या मारू नका. तुमची स्वतःची घेतलीत?"

"तेवढं सुचलं नाही."

"ती घ्या. पाणी तिथं आहे." त्यांनी माझी खरी खुर्ची फळीवरून काढून पुढे केली. मी त्यांच्यासमोर गोळी घेतली, शाळेतल्या पोरासारखी. गिळल्याची खात्री होईपर्यंत त्या बघत होत्या.

"बाई, पण हे एचआयव्हीचं औषध इथं कुणाला लागतं?"

"ज्याला तो आजार नाही, त्याला."

मी बघत राहिलो, तेव्हा त्या जरा सविस्तर बोलल्या. त्यांच्या मानानं ते व्याख्यानच होतं. ज्याला आजार झालेला नाही, पण होण्याचा धोका आहे आणि होऊ द्यायचा नाही, त्यानं घ्यायची ही गोळी. आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन आजार नाही ना हे बघायचं, मग रोज एक, आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. काही शंका आली तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारायचं. पूर्वी त्यासाठी मोठ्या इस्पितळात जावं लागायचं.

"तिथं दारावर एवढी मोठी पाटी असते," बाई म्हणाल्या. "पाटीखाली रांग. त्या रांगेत कोण उभं राहील? तुम्ही राहाल?"

"मी कशाला राहीन?"

"बघा. लगेच म्हणालात. म्हणून इथं. इथं माणूस कापूस घ्यायलाही येतो आणि हे घ्यायलाही."

दुकानाच्या मागच्या बाजूला हिरव्या पडद्याआडची खोली मी पाहिली होती. तिथं रक्तदाब बघतात अशी माझी समजूत होती. आता त्या पडद्याकडे मी नव्या नजरेनं बघायला लागलो, आणि ते बाईंच्या लक्षात आलं.

"टेबल काल आलं होतं," त्या म्हणाल्या. त्या टेबलवाला म्हणाल्या नाहीत की टेबलवाली म्हणाल्या नाहीत. टेबलच. "पिशवी नाही म्हटल्यावर पांढरं पडलं. मी म्हटलं, चुकून दुसरीकडे गेली, बसा, दुसरी देते. बसलं नाही. गेलं."

"येईल की परत."

"आपलं कुणाला तरी कळलं असं ज्याला वाटतं, ते माणूस परत येत नाही, मास्तर. गोळी सुटते. धोका थोडाच सुटतो."

"मग फोन करा."

"फोन करायचा नाही असं टेबलानं सांगितलंय. घरी दुसरे उचलतात."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या खाली, अगदी तळाशी, दुसरंच काहीतरी हलायला लागलं होतं. कोण असेल हे टेबल?

"बाई, घरी जरा तुम्ही समजावून सांगाल का? बायकोला शंका आलीय."

"मी कुणाचं कुणाला सांगत नाही."

"अहो, पण माझं, माझ्याच बायकोला."

"कुणाचं कुणाला."

घरी मी माझ्या परीनं सांगितलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे बाईंनी स्वतः सांगितलं?"

"त्या म्हणतात, मी कुणाचं सांगत नाही."

"हो, त्या नाहीच सांगत," ती चिडून म्हणाली. हे इतक्या खात्रीनं तिला कसं माहीत, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. डोकं टेबलानं भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी खुर्चीवर जरा जास्तच बसायला लागलो. स्वतःशी कारण असं दिलं की टेबल परत आलं तर माफी मागू. खरं कारण वाचकांनी ओळखलं असेलच. वर्तमानपत्र उघडून धरायचं आणि त्याच्या कडेवरून बघायचं. एकदा नजरेत संशय शिरला की साधं माणूस साधं दिसेनासं होतं. गाणं शिकवणारे गुरुजी घशासाठी चघळायच्या गोळ्या घेऊन गेले. गाणाऱ्याचा घसा बसतोच कसा? वरच्या मजल्यावरची परिचारिका नुसती वजन करून गेली. घरी काटा नाही का हिच्या? एक गृहस्थ लख्ख उन्हात मिटलेली छत्री घेऊन आले, टूथपेस्टच्या खोक्यावरचं सगळं वाचलं आणि काही न घेता गेले. त्यांना तर मी जवळजवळ टेबल ठरवूनच टाकलं होतं. ज्यांना मी रोज हसून नमस्कार करायचो त्यांच्याकडे आता फक्त निरखून बघत होतो, आणि गंमत म्हणजे तेही माझ्याकडे निरखून बघायला लागले होते. एवढा धडधाकट म्हातारा रोज औषधाच्या दुकानात काय करतो?

याच सुमाराला चेअरमन माझ्याकडे आले. चेअरमन म्हणजे आमच्या इमारतीचे. पाण्याच्या टाकीपासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत प्रत्येक वस्तू त्यांच्या संमतीनं चालते असा त्यांचा समज आहे, आणि जिन्यातला दिवा चालत नाही.

"मास्तर, तुम्ही खाली बसलेले असता ना," ते आवाज खाली आणून म्हणाले. "त्या पडद्यामागे काय चालतं?"

"रक्तदाब बघतात."

"रक्तदाब बघायला लोक दुसऱ्या वस्तीतून येतात? येताना इकडेतिकडे बघतात, जाताना तपकिरी पिशवी. गोळ्या आहेत, मास्तर. नशेच्या. माझं नाक सांगतं."

चेअरमनांचं नाक मोठं आहे, पण आजवर त्यानं गॅसची गळतीसुद्धा ओळखलेली नाही.

"तसं काही वाटत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला काय वाटतं यावर इमारत चालत नाही. पुढच्या बैठकीत ती खोली बंद करायचा ठराव आणतोय. तोवर तुम्ही जरा नजर ठेवा. कोण येतं, कोण जातं. तुमची चित्रकाराची नजर."

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. पण निवृत्त झाल्यापासून माझ्या नजरेचं कुणी कौतुक केलं नव्हतं. मी नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही, एवढीच काय ती माझी बाजू. नुसता "हं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर खुर्ची नव्हती.

"आत ठेवली," बाई म्हणाल्या.

"का?"

"टेबल काल रस्त्याच्या पलीकडे उभं होतं. बराच वेळ. इकडे यायला एक पाऊल टाकलं, तुम्ही पेपरच्या वर डोकं काढलंत, आणि ते निघून गेलं."

मी आठवायला लागलो. काल रस्त्यापलीकडे कोण होतं? बाईंनी काउंटरवर बोटं आपटली.

"बघा, आत्ताही शोधताय."

शाळेत एवढी वर्षं मी पोरांना पकडत आलो. पकडला जाण्याची मला सवय नव्हती. काहीतरी चांगलं करावं म्हणून मी म्हणालो, "बाई, निदान चित्रं तरी मला काढू द्या. पुन्हा चूक व्हायला नको."

"म्हणजे सगळ्यांची चित्रं तुम्हाला पाठ होतील." त्यांनी माझी पिशवी पुढे सरकवली. "तुमची खुर्ची तेवढी सुधारा. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

मी खुर्चीला व्यवस्थित पाठ काढून दिली, हात काढले, सावलीही दिली, आणि वर आलो. त्यानंतर औषध घ्यायचं, निघायचं, मान खाली. फळीवर टेबलाची पिशवी तशीच दिसायची. मान खाली असूनही दिसायची, ती माझ्या नजरेची खोड. बाई कामातच असायच्या. पण दाराशी सावली पडली की त्यांची मान वर व्हायची, आणि आत येणारा फळीवरचाच दुसरा कुणी मासा किंवा छत्री निघाला की पुन्हा खाली जायची. आजवर सगळ्यांवर संशय घेणारी ही बाई कुणाची तरी वाट बघत होती. ते माझ्याच्यानं बघवत नव्हतं.

बैठक जवळ आली तसे चेअरमन अहवाल मागायला आले.

"कोण दिसलं?"

"कुणीच नाही."

"एवढे दिवस बसून?"

"खुर्ची काढली."

"बघा," चेअरमन विजयी मुद्रेनं म्हणाले, "खुर्ची का काढली?" आणि तडक खाली निघाले. मी मागोमाग. संध्याकाळची वेळ, दुकानाबाहेर शेजारचा शिंपी, इस्त्रीवाला, भाजी घेऊन येणाऱ्या बायका, सगळे होते. आमचे चेअरमन तावातावानं चालायला लागले की लोक आपोआप थांबतात.

"बाई, ती खोली मला बघायचीय."

"खोली तपासणीची आहे. ज्याला तपासून घ्यायचंय त्यानंच आत यायचं."

"आणि मला बघायचंच असेल तर?"

"तर तपासून घ्या. जबरदस्ती नाही. आत बसा, बोट द्या."

चेअरमनांनी मागे बघितलं. शिंप्यानं मापाची फीत गळ्यातून काढून हातात घेतली होती, म्हणजे तो आता हलणार नव्हता. एवढ्या लोकांसमोर माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"घ्या की," ते म्हणाले. "मी कुणाला घाबरतो?"

हिरवा पडदा बंद झाला. आत बराच वेळ काय चाललं होतं कोण जाणे. बाईंचा खालचा, एकसुरी आवाज येत होता, शब्द येत नव्हते. चेअरमनांचा आवाज सुरुवातीला आला, मग आला नाही. सभेत ज्यांना कुणी गप्प करू शकलेलं नाही त्या माणसाची ती शांतता ऐकायला बाहेर आणखी चार माणसं जमली. पडदा सरकला तेव्हा चेअरमनांच्या बोटावर कापसाचा बोळा होता आणि चेहरा निजून उठल्यासारखा होता. त्यांनी दाराकडे पाऊल टाकलं, समोरची गर्दी बघितली, आणि मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. आपण त्या खोलीत गेलो. आपण त्या खोलीतून बाहेर आलो. सगळ्यांनी बघितलं.

"काय झालं बोटाला?" इस्त्रीवाल्यानं मोठ्या काळजीनं विचारलं.

"चिरलं. भाजी चिरताना."

"आत भाजी चिरतात?" शिंपी म्हणाला.

चेअरमन जिना चढून गेले. बोट त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं होतं. त्या दिवसानंतर इमारतीत जो भेटेल तो दुसऱ्याला विचारायचा, चेअरमनांना काय झालंय? आणि विचारताना जो तो इकडेतिकडे बघायचा. खरं तर त्यांना काही झालेलं नसावं. पण नसावं, एवढंच कुणाही शहाण्या माणसाला म्हणता येत होतं.

बैठकीत ठराव आला, पण दुसराच. चेअरमन उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले की औषधाच्या दुकानात कोण कशासाठी जातं ही चौकशी सुसंस्कृत माणसांना शोभत नाही, ज्यांना ती खोड असेल त्यांनी सोडावी. हे म्हणताना त्यांनी बघितलं माझ्याकडे. ठराव एकमतानं मंजूर झाला. मीही हात वर केला.

त्यानंतर दुकानासमोर रेंगाळायला कुणी तयार होईना. न जाणो, आपणही त्या खोलीतून बाहेर आलो असं कुणाला वाटायचं. आणि एक दिवस मी औषध घ्यायला गेलो तर फळीवर टेबलाची पिशवी नव्हती. बाई नेहमीसारख्याच होत्या. फक्त कात्रीनं पिशव्यांचे कोपरे कापताना काहीतरी गुणगुणत होत्या, आणि ते त्यांच्या चित्रांइतकंच बेसूर होतं.

"नेलं?" मी विचारलं.

"काय?"

"टेबल."

"तुमची खुर्ची घ्या."

मी निघणार, तेवढ्यात फळीच्या टोकाच्या पिशवीवर नजर गेली. गेलीच. तिच्यावर एक पोट फुगलेली किटली काढलेली होती, नळी उलट्या बाजूला. ही किटली मी कुठंतरी पाहिली होती. कुठं ते लगेच आठवेना, जिना चढताना आठवलं. आमच्या स्वयंपाकघरात एक खण आहे, ज्यात बायको रबरबँड, दोरे आणि रिकाम्या पिशव्या जपून ठेवते. ती घरात नव्हती. मी खण उघडला. किटली, किटली, किटली. एकावर एक नीट घडी घालून ठेवलेल्या तपकिरी पिशव्या, खालच्या तर पार जुन्या.

मी खण बंद केला आणि तिथंच उभा राहिलो. इतकी वर्षं ती माझ्या प्रत्येक औषधाचा कागद वाचते, आणि तिची गोळी कोणती हे मला ठाऊक नाही. मला काय काय सुचलं ते इथं लिहीत नाही. संशयाची गंमत वाटायचं एकदम बंद झालं. मी होतो त्या चपलांनिशी खाली गेलो. बाई दुकान आवरत होत्या.

"बाई," मी म्हणालो, "किटलीत काय असतं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. अगदी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी जराशी दया आली असावी, किंवा दिवे कमी केल्यामुळे मला तसं वाटलं असेल.

"ती माझी बायको आहे, बाई. मला कळायला नको?"

बाईंनी किटलीची पिशवी उचलून दुसऱ्या फळीवर, माझ्या हाताला येणार नाही अशी ठेवली आणि म्हणाल्या, "दर खेपेला त्याही खुर्चीत काय असतं ते विचारतात, त्यांनाही सांगत नाही."